कळपाला नव्हे, शेळीला जंताचं औषध: पापणी, लेंडी आणि वजनकाटा

पावसाळा सुरू झाला की गावोगाव एकच पद्धत दिसते. औषधाची बाटली आणायची, कळप दारात अडवायचा, लहानमोठ्या सगळ्यांना झाकणाच्या मापाने पाजायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. काही वर्षं हे चालतं. मग औषध पाजूनही शेळ्या रोडावत जातात, जबड्याखाली पाणी उतरतं, एखादी सकाळी मेलेली सापडते. दोष बाटलीला दिला जातो. बहुतेक वेळा बाटलीतलं औषध चांगलंच असतं, पण तुमच्या कळपातले जंत त्याला सरावलेले असतात. थायाबेंडाझोल हे बेंडाझोल कुळातलं पहिलं जंतनाशक औषध 1961 साली बाजारात आलं आणि 1964 पर्यंत त्याला न जुमानणारे जंत नोंदले गेले होते. आज भारतातल्या अनेक कळपांत अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोलची हीच गत आहे.

म्हणून औषध कोणत्या शेळीला लागतं ते ओळखून तिलाच, वजनाच्या मापाने द्यायचं. मग ते लागू पडलं का, हे लेंडी तपासून बघायचं. तिन्ही गोष्टी गोठ्यात करता येतात.

कोणता जंत आणि तो काय करतो

शेळीच्या पोटात जंत अनेक प्रकारचे असतात, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात जीव घेणारा मुख्यतः एकच, हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. हा गोलकृमी चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, अस्तराला चिकटून रक्त पितो. मादी दोन ते तीन सेंटिमीटर लांब असते. तिच्या लाल आतड्याभोवती पांढरे गर्भाशय पीळ घालून असतात, त्यामुळे ती पांढऱ्या-लाल दोरीसारखी दिसते. मेलेल्या शेळीचं चौथं पोट लगेच उघडून पाहिलं तर हे जंत नुसत्या डोळ्यांनी वळवळताना दिसतात.

एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलि रक्त घालवतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पोटात हजार जंत असले तर रोज 50 मिलि रक्त जातं. तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं साधारण दोन लिटर. रक्ताबरोबर त्यातली प्रथिनंही जातात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि जबड्याखाली मऊ पिशवी लोंबू लागते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी ही सूज वाढलेली दिसते, रात्री कमी होते. त्यामुळे सूज संध्याकाळी बघा.

अनेकांची फसगत होते ती इथे: या जंताने सहसा हगवण लागत नाही. लेंडी घट्ट आणि छान असते, शेळी खातही असते, फक्त पांढरी पडत जाते. उलट दोन-तीन महिन्यांचं करडू पातळ हगत असेल, शेण काळसर किंवा रक्ताळलेलं असेल, तर बहुतेकदा ते कॉक्सिडियाचं, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचं काम असतं. त्यावर जंतनाशक पाजून काहीही उपयोग नाही, वेगळं औषध लागतं. करडांच्या हगवणीवर अल्बेंडाझोल पाजत राहणं ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे.

मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. अंडी लेंडीतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की चार-पाच दिवसांपासून आठवड्याभरात त्यातून शेळीला लागण करू शकणारी अळी तयार होते आणि ओल्या गवतावर चढते. गवताबरोबर पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत ती स्वतः अंडी घालू लागते. जूनअखेर एका शेळीच्या पोटात असलेले थोडे जंत ऑगस्ट-सप्टेंबरात अख्ख्या कळपाला पुरतात ते यामुळे. आणि मे महिन्यात तापलेल्या उघड्या माळावर अळी फार टिकत नाही, तेही याच हिशेबात येतं. पुढे औषधाच्या वेळेविषयी बोलताना हे लागेल.

पापणी बघणं

दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी एक रंगतक्ता तयार झाला. तिथले पशुवैद्य फाफा मलान यांच्या नावातली आणि चार्ट या शब्दातली अक्षरं जोडून त्याला फामाचा म्हणतात. खालच्या पापणीच्या आतल्या रंगाला 1 ते 5 गुण द्यायचे. गुण आणि रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण असं जुळतं:

1 – लालभडक, 28 टक्के किंवा जास्त
2 – लालसर गुलाबी, 23 ते 27
3 – गुलाबी, 18 ते 22
4 – फिकट गुलाबी, 13 ते 17
5 – पांढरी, 12 किंवा कमी

तक्ता मूळ छापील कार्डच वापरा. मोबाइलवर आलेला फोटो किंवा झेरॉक्सच्या दुकानात काढलेली रंगीत प्रत चालत नाही, रंग बदलतो. कार्ड उन्हात ठेवल्यावरही उडतं, म्हणून वर्षाला बदलायचं. कार्ड मिळेपर्यंत पशुवैद्यकाकडून एकदा हाताखाली शिकून घ्या. डोळा एकदा बसला की चुका कमी होतात.

तपासणी मोकळ्या उजेडात करायची. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बल्बखाली रंग खोटा दिसतो. शेळी भिंतीला टेकवून उभी करा, एक हात डोक्यावर. मग चार हालचाली:

1. अंगठ्याने वरची पापणी खाली ओढून बुबुळ झाका.
2. झाकलेल्या पापणीवरूनच डोळा हलका आत दाबा. घाबरू नका, पापणी मध्ये असते, इजा होत नाही.
3. दाब तसाच ठेवून दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा.
4. आतली ओली त्वचा आपोआप बाहेर उलटेल. लगेच रंग वाचा.

लगेच म्हणजे एक-दोन सेकंदांत. पापणी धरून ठेवली की ती हवेने आणि दाबाने लाल होते आणि 4 गुणांची शेळी 3 ची वाटते. कडेची रेघ बघायची नाही, मधला गादीसारखा भाग बघायचा. दोन्ही डोळे पाहा. वेगळे दिसले तर फिकट असेल तो गुण धरा. अडीच, साडेतीन असं काही नाही. शंका आली की पुढचा, म्हणजे वाईट गुण लिहा. दोन माणसं असली, एक पकडायला आणि एक बघायला-लिहायला, तर पन्नास शेळ्या तासाभरात होतात.

4 आणि 5 ला औषध, चर्चा नको. 3 ला शेळ्यांमध्ये औषध देणंच शहाणपणाचं, विशेषतः करडं, गाभण, नुकत्या व्यालेल्या किंवा हाडं दिसू लागलेल्या शेळ्यांना. 1 आणि 2 ला औषध नाही. फक्त जबड्याखाली सूज असेल तर गुण काहीही असो, द्यायचं. जुलै ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी पापणी बघा, कोकणात आणि सततच्या पावसात आठवड्याने. नोव्हेंबरपासून महिन्याने पुरे.

एक अडचण आहे. पापणी फिकट पडायची कारणं अनेक. गोचीड आणि उवा रक्त पितात, गोचीडातून येणारे रक्ताचे ताप असतात, यकृतातले पर्णकृमी असतात, नुसती उपासमारही असते. म्हणून फिकट शेळीच्या कानामागे, जांघेत, शेपटीखाली हात फिरवून गोचीड आहेत का पाहायचं. अंगात ताप असेल तर जंतनाशकाने वेळ घालवू नका. डोळे आले असतील तर लाली खोटी असते, ती शेळी पापणीवरून मोजू नका. पर्णकृमींचा संशय तळ्याकाठी, भातखाचरात, कालव्याच्या पाझरात चरणाऱ्या कळपांत धरायचा, कारण ते गोगलगायींतून येतात. अल्बेंडाझोलच्या नेहमीच्या मापाने त्यांची पिल्लं मरत नाहीत.

लेंडीची मोजणी

पापणीवरून रक्त कमी झालेलं कळतं, अंड्यांवरून जंत किती आहेत आणि औषध चाललं की नाही हे. गावातल्या पाच-सहा पाळणाऱ्यांनी मिळून एक साधा सूक्ष्मदर्शक आणि दोन खाने असलेली मॅकमास्टर काचपट्टी घेतली तर हे काम घरी होतं. नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात नमुना द्या. परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, मुंबई इथे ही महाविद्यालयं आहेत.

नमुना शेळीच्या गुदद्वारातून हातमोजा घालून घ्यायचा, आठ-दहा लेंड्या. जमिनीवरच्या लेंडीत मातीतले निरुपद्रवी जंत मिसळतात. त्याच हातमोज्यात लेंड्या उलटवा, हवा काढून गाठ मारा, वर शेळीचा बिल्ला क्रमांक आणि तारीख. हवा का काढायची, तर हवा आणि ऊब मिळाली की एका दिवसात अंडी उबतात आणि मोजायला काही उरत नाही. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही.

मिठाचं संपृक्त पाणी आधी करून ठेवा. एक लिटर गरम पाण्यात 400 ग्रॅम मीठ ढवळा, थोडं तळाशी न विरघळता राहिलं की झालं. गार झाल्यावर फडक्याने गाळून बाटलीत भरा. या पाण्यात हिमॉन्कसची अंडी वर तरंगतात. पर्णकृमींची अंडी जड असतात, ती इथे दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा. लेंडीत ती नाहीत असा अर्थ काढू नका.

मोजणी अशी:

दोन ग्रॅम लेंडी तोळ्याच्या काट्यावर मोजा. वाटीत 28 मिलि मिठाचं पाणी घालून लेंडी पूर्ण कुस्करा, खडा राहू नये. चहाच्या गाळणीतून दुसऱ्या वाटीत गाळा, चोथा दाबून काढा. ढवळत असतानाच ड्रॉपरने उचला आणि लगेच काचपट्टीचे दोन्ही खाने भरा. ढवळून थांबलात की अंडी पृष्ठभागावर येतात आणि ड्रॉपरमध्ये कमी-जास्त येतात, मोजणीतल्या बहुतेक गडबडी इथेच होतात. फुगा आला तर रिकामं करून परत भरा. पाच मिनिटं थांबा. मग दहाच्या भिंगाने, म्हणजे एकूण शंभर पट, खान्यावरच्या रेघा स्पष्ट दिसतील असं नाभीयन करा. अंडी काचेला खालून चिकटलेली असतात, रेघांच्याच पातळीवर. रेघा दिसत नसतील तर अंडीही दिसणार नाहीत.

काय दिसतं? गोलकृमीचं अंडं लांबट गोल, कवच पातळ, आत करड्या रंगाच्या पेशींचा पुंजका, कवच आणि पुंजका यांच्यात किंचित मोकळी जागा. कॉक्सिडियाची अंडी आकाराने त्याच्या निम्मी किंवा त्याहून लहान, गोलसर. पट्टकृमीचं अंडं तीनकोनी किंवा चौकोनी. हवेचे बुडबुडे ओळखायला सोपे, त्यांना जाड काळी कडा असते आणि आत काही नसतं. रेघेवर अर्धं असलेलं अंडं एका बाजूचं धरा, दुसऱ्या बाजूचं सोडा, दोन्ही कडांना एकच नियम ठेवा.

दोन्ही खान्यांतली गोलकृमीची अंडी मिळवा आणि 50 ने गुणा. पहिल्यात 14, दुसऱ्यात 17 असतील तर 31 गुणिले 50, म्हणजे ग्रॅमला 1550 अंडी. हिशेब सोपा आहे: दोन ग्रॅम लेंडी 30 मिलि द्रवात, दोन खाने मिळून 0.3 मिलि, म्हणजे 0.02 ग्रॅम लेंडीतली अंडी तुम्ही मोजली. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पट्टी ठेवू नका, खारट पाण्यात अंडी चेपतात.

ढोबळ कल्पना अशी: 500 च्या खाली कमी, 500 ते 2000 मध्यम, त्याच्या वर भार जास्त. पण एकटा आकडा निर्णायक मानू नका. अंडी कमी आणि पापणी पांढरी असेल तर नवीन जंत अजून अंडी घालायच्या वयात आले नसतील, पण रक्त मात्र पीत असतील. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात हे सर्रास होतं.

वजन, औषध, पाजणं

माप अंदाजाने घ्याल तर औषध वाया, आणि कमी माप सगळ्यात वाईट. अर्धवट मापाने कमजोर जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. गोणीत शेळी अडकवून तराजूला टांगा, हाच सर्वांत पक्का उपाय. काटा नसेल तर फीत: पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचात घ्या, खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलो. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर 20384 भागिले 660, सुमारे 31 किलो. गाभण शेळीत हा आकडा फसवा निघतो. माप नसलंच तर त्या वयोगटातल्या सगळ्यात जड शेळीच्या वजनावरून सगळ्यांचं माप ठरवा, सरासरीवरून नाही. लेव्हामिसोल आणि क्लोसँटेलला मात्र हा उपाय लावू नका, ती वजन केल्याशिवाय द्यायची नाहीत. कारण पुढे येतंच आहे.

मेंढीचं माप शेळीला पुरत नाही, कारण शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं. बेंडाझोल गटात (अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल) मेंढीला किलोला 5 मिलिग्रॅम पुरतं, शेळीला 10 लागतं. 2.5 टक्क्यांच्या अल्बेंडाझोल द्रवात मिलिला 25 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे 30 किलोच्या शेळीला 12 मिलि. झाकणाच्या मापाने 5 मिलि पाजणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नका, गर्भात व्यंग येऊ शकतं. लेव्हामिसोल शेळीला किलोला 12 मिलिग्रॅमच्या आतच. त्याचं बरं माप आणि विषारी माप यांत फार अंतर नाही, जास्त झालं तर लाळ गळते, थरथर सुटते. आयव्हरमेक्टिन शेळीला तोंडावाटे किलोला 0.4 मिलिग्रॅम, मेंढीच्या दुप्पट. जंतांसाठी सुईपेक्षा तोंडाने दिलेलं चांगलं, कारण सुईचं औषध अंगात कमी प्रमाणात बराच काळ रेंगाळतं आणि जंतांना सराव होतो. क्लोसँटेल किलोला 10 मिलिग्रॅम. हिमॉन्कसवर ते उत्तम चालतं, पण माप ओलांडलं तर शेळी आंधळी होऊ शकते. यांतलं काही वापरण्याआधी पशुवैद्यकाशी बोला. शेळीसाठीचं माप कित्येक लेबलांवर नसतं, आणि दूध किती दिवस विकायचं नाही हेही त्यांनीच सांगायचं आहे.

दुकानात जाताना ब्रँडकडे नाही, घटकाच्या नावाकडे बघा. गेल्या खेपेला एक कंपनीचं, या खेपेला दुसऱ्या कंपनीचं, आणि दोन्हींत अल्बेंडाझोल! औषध बदललं असं वाटतं, बदलतो फक्त कागद.

पाजताना बाटली मन लावून हलवा, दर दहा शेळ्यांमागे परत. द्रवातलं औषध तळाशी बसतं. न हलवता पाजलं तर पहिल्या शेळ्यांना पांढरं पाणी आणि शेवटच्यांना दुप्पट औषध मिळतं. औषध पाजायची बंदूक (मापाची पिचकारी) वापरत असाल तर आधी पाच वेळा मापट्यात दाबून बघा, 10 मिलि म्हणताना खरंच 10 येतंय का. आदल्या संध्याकाळी चारा बंद ठेवा, पाणी मात्र द्या. पोट थोडं रिकामं असलं की औषध आत जास्त वेळ राहतं आणि चांगलं चालतं. गाभण आणि अशक्त शेळ्यांना उपाशी ठेवू नका.

तोंड वर करून औषध ओतणं बंद करा. त्याने औषध श्वासनळीत जातं आणि दोन दिवसांनी शेळी खोकून न्यूमोनियाने मरते. लोक मग औषधाला विषारी ठरवतात. डोकं सरळ ठेवा, गालाच्या कोपऱ्यातून नळी आत घाला, जिभेच्या मागच्या भागावर पोचवा आणि सावकाश दाबा. जिभेच्या पुढच्या टोकावर टाकलेलं औषध काही शेळ्यांत पहिलं पोट ओलांडून थेट चौथ्या पोटात जातं आणि लगेच निघून जातं. जिभेच्या मागे टाकल्याने ते पहिल्या पोटात साठतं.

पाच गुणांच्या शेळीला औषध पाजून चरायला हाकलू नका. रक्त इतकं कमी असतं की शंभर पावलं पळवली तरी कोसळते. तिला सावलीत, वेगळं, चांगला चारा आणि पाणी देऊन दोन-तीन आठवडे ठेवा. रक्त भरायला तेवढा वेळ लागतोच. पशुवैद्यकाकडून लोहाचं इंजेक्शन घ्यायचं की रक्त द्यायचं, हे त्यांना ठरवू द्या.

औषध चाललं का?

ज्यांचे आकडे 200 च्या वर आहेत अशा किमान दहा शेळ्या निवडा. आज लेंडी मोजा, वजनाने औषध पाजा, 10 ते 14 दिवसांनी त्याच शेळ्यांची लेंडी पुन्हा मोजा. आधीची सरासरी 1200, नंतरची 300, म्हणजे घट 75 टक्के. घट 95 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जंत सरावले आहेत, ते औषध आता तुमच्या कळपाला कमी कामाचं. अर्थात माप कमी गेलं नव्हतं ना, मुदत संपलेली बाटली नव्हती ना, हे आधी तपासा. ही चाचणी दोन-तीन वर्षांतून एकदा, औषधाच्या प्रत्येक गटासाठी करून ठेवली की दुकानदाराच्या सल्ल्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

आता मे महिन्याबद्दल. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या कळपाला औषध हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि वरवर पाहता बरोबर वाटतो, कारण रानात अळ्या जवळपास नसतात. पण नेमकं त्यातच दुखणं आहे. रान स्वच्छ असताना सगळ्यांच्या पोटातले जंत मारले तर औषधातून वाचलेले चिवट जंतच पुढचं रान पेरतात. त्यांच्यात मिसळायला साधे जंत उरलेलेच नसतात. म्हणून मेअखेरीला औषध द्यायचंच असेल तर पापणी 1 किंवा 2 असलेल्या, धष्टपुष्ट मोठ्या शेळ्यांपैकी पाच-सहांतली एक न पाजता ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण औषधाचं आयुष्य यानेच वाढतं. करडं आणि पाट्या (अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या) मात्र सोडू नका, त्यांच्या अंगात अजून प्रतिकार आलेला नसतो.

चारा आणि चराई

पोटभर प्रथिनं खाणारी शेळी तेवढ्याच जंतांना जास्त काळ पुरून उरते. व्यायच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे शेळीची रोगाला रोखण्याची ताकद घटते आणि लेंडीतली अंडी वाढतात. याच वेळी करडं सोबत असतात. म्हणून गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत रोज 250 ते 300 ग्रॅम खुराक द्या. साधं मिश्रण 100 किलोसाठी: मका भरडा 45, शेंगदाणा पेंड 20, तूर किंवा हरभरा चुनी 20, गव्हाचा कोंडा 12, खनिज मिश्रण 2, मीठ 1. प्रथिनं साधारण 18 टक्के येतात. खुराक एकदम वाढवू नका, आठ-दहा दिवसांत चढवा, नाहीतर पोट फुगतं. शेंगदाणा पेंडेला बुरशीचा वास असेल तर टाकून द्या, यकृत जातं. शेवरी, हादगा, सुबाभूळ बांधावर लावा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात. बाभळीच्या शेंगांत आणि पाल्यात टॅनिन असतं. टॅनिनयुक्त चाऱ्याने जंतांचा भार काही अंशी घटतो, असे प्रयोग झाले आहेत, पण त्याला औषधाची जागा देऊ नका.

शेळी झाडपाला खाणारी. गुडघ्याच्या वरचा पाला खाते तोवर अळ्या तिच्या तोंडी लागत नाहीत, कारण त्या मुख्यतः गवताच्या खालच्या दोन इंचांत असतात. खुरटलेल्या गवतावर मेंढ्यांसारखी चरवली की जंतांवरचा ताबा सुटतो. दव सुकल्यावर सोडा. गवत बोटभर लांबीपेक्षा खाली चरू देऊ नका. तारेचे वाफे शक्य असतील तर एका वाफ्यात चार दिवसांवर ठेवू नका, कारण चार-पाच दिवसांत पहिल्या लेंडीतून अळ्या तयार होऊ लागतात. त्याच वाफ्यात पाच-सहा आठवडे परत नको. आपल्या पावसाळी उष्णतेत अळी जोमाने हलते, पण तिला खाता येत नाही. साठवलेली ताकद संपली की मरते. मोठ्या गाई-म्हशी शेळ्यांच्या मागे त्याच रानात चारल्या तर बऱ्याच अळ्या त्यांच्या पोटात जाऊन निकामी होतात.

बंदिस्त गोठ्यातल्यांनाही जंत होतात, आणि ते बहुतेक कापून आणलेल्या ओल्या गवतातून. कच्चं लेंडीखत नेपिअरच्या वाफ्यात टाकलं आणि तेच गवत जमिनीलगत कापून घातलं, की साखळी पूर्ण होते. खत ढिगात चांगलं तापवून, मधून उलथून मगच टाका. गवत चार बोटं वरून कापा. गव्हाण छातीइतकी उंच ठेवा. पायाखाली पडलेला चारा उचलून परत गव्हाणीत टाकू नका.

बाजारातून आणलेली शेळी

दुसऱ्याच्या कळपातले सरावलेले जंत आपल्याकडे येतात ते बाजाराच्या शेळीतून. आणली की 14 दिवस वेगळी ठेवा, लेंडी खतात न टाकता खड्ड्यात पुरा. पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखाली दोन वेगळ्या गटांची औषधं एकाच दिवशी द्या. दोन आठवड्यांनी लेंडी मोजा. शून्य किंवा जवळपास शून्य आली तरच कळपात सोडा, आणि सोडताना तुमच्या नेहमीच्या चराईत सोडा, म्हणजे उरलेले थोडे चिवट जंत तुमच्या साध्या जंतांत बुडून जातील.

वही

बिल्ला क्रमांक, तारीख, गुण, वजन, औषध, माप, अंडी. एवढे सात रकाने, पाऊसकाळात आठ-नऊ ओळी. हंगाम संपल्यावर त्या वहीतून जे दिसतं ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. काही शेळ्यांना औषध एकदाही लागत नाही, काहींना तीन-तीन वेळा. कळपातले बरेचसे जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात आणि रानात अंडी तीच शेरडं टाकत असतात. हंगामात तीनदा 4 किंवा 5 गुण मिळालेली शेळी पोटभर दूध देत असली तरी दिवाळीनंतर विका. तिची पाट ठेवू नका.

जंतांना तोंड द्यायची ताकद काही अंशी आईबापाकडून येते, हे मेंढ्यांत स्पष्ट झालेलं आहे. बंगालच्या सुंदरबनातली छोटी गारोळ मेंढी चिखलपाण्यात राहूनही हिमॉन्कसला पुरून उरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या मेंढीचा दख्खनी मेंढीशी संकर करताना हा गुण तपासला आहे. उस्मानाबादी किंवा संगमनेरी कळपात तुम्ही हे बोकडापासून करू शकता. बोकड निवडताना शिंगं, रंग, कानाची लांबी यांच्या आधी वही उघडा: त्याच्या आईला गेल्या दोन पावसाळ्यांत किती वेळा औषध लागलं, हा पहिला प्रश्न. वही नसलेल्याकडून बोकड घेत असाल तर निदान आईची पापणी उलटून बघा, आणि तीही ऑगस्टच्या शेवटी. मेमध्ये प्रत्येक शेळीची पापणी लालच असते.